हद्दीबाहेरचा खटाव

खटाव तालुक्याची ओळख करून देणारे बहुतेक लेखन पावसापासून सुरू होते, आणि त्यात वावगे काही नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नसलेल्या वडूजला पाचशेच्या आसपास पडला, तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडच्या पठाराच्या वाट्याला वारा तेवढा येतो. महादेव डोंगररांगेतून निघालेली येरळा खटाव तालुका उभा पार करून सांगली जिल्ह्यात उतरते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाला, कुळकजाईच्या बाजूला उगम पावणारी माणगंगा मात्र भीमेची वाट धरते. शेजारशेजारचे दोन तालुके, एकच दुष्काळ, पण पाणी दोन वेगळ्या खोऱ्यांत जाणारे. नेर आणि मायणीचे ब्रिटिश अमदानीतले तलाव, नंतरचे येरळवाडी धरण, बाहत्तरच्या दुष्काळात फुटलेली खडी, चारा छावण्या, टँकर हे सगळे या वर्णनात ओघाने येते. जिल्ह्याचे सामाजिक व आर्थिक समालोचन उघडले तरी हाच क्रम दिसतो: पर्जन्यमान, पिकाखालचे क्षेत्र, विहिरी, पशुधन, नोंदणीकृत कारखाने. ही माहिती खरी आहे. पण तिच्यावरून या तालुक्यातली माणसे जगली कशी आणि जगतात कशी हे समजायला गेले, तर हिशेब जुळत नाही. एवढ्या पावसात आणि एवढ्या पिकात जी घरे उभी राहायला नकोत, ती उभी आहेत. खडकाळ माळाच्या गावात दोन मजली स्लॅबची घरे आहेत, देवळांचे जीर्णोद्धार झालेले आहेत, मुले इंजिनिअर झालेली आहेत. या जमाखर्चातली जमेची मोठी बाजू समालोचनाच्या कोणत्याच तक्त्यात नाही, कारण ती तालुक्याच्या हद्दीत घडतच नाही.

खटाव, माण, खानापूर, आटपाडी या पट्ट्याचा व्यावसायिक भूगोल त्याच्या सीमांच्या आत मावत नाही, आणि आतल्या आत तो मोजला की चुकीचा मोजला जातो, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे. कोईमतूरच्या सराफ कट्ट्यामागच्या गल्लीतले गलाईचे, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचे, दुकान, मुंबईच्या गोदीतला आणि बाजारपेठेतला हमाल, सैन्यातला जवान, पुण्याच्या कारखान्यातला फिटर ही खटावच्या अर्थव्यवस्थेची बाहेर गेलेली माणसे नसून तिचीच अंगे आहेत. ती तोडून बाजूला ठेवली तर उरते ते ‘दुष्काळी तालुका’ हे नाव. त्या नावाखाली आपण गेली शंभर-दीडशे वर्षे या भागाकडे पाहत आलो. त्यातून तगाई आली, खडी फोडण्याचे काम आले, छावणी आली, पण इथल्या माणसाच्या उद्योगबुद्धीची दखल फारशी आली नाही.

अशा प्रदेशांचा विचार करायला एक उपयोगी नमुना फार दूरवरून मिळतो. प्रशांत महासागरातला किरिबाती हा देश तेहतीस बेटांचा आहे. सगळी जमीन एकत्र केली तर सुमारे आठशे चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढीही धड भरत नाही, आणि तिच्या भोवतीची सागरी हद्द मात्र सुमारे पस्तीस लाख चौरस किलोमीटर. बनाबा बेटावरचे फॉस्फेट १९७९ साली संपले. उरले ते खोबरे, मासेमारीचे परवाने आणि परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून जाणारी मुले. न्यूझीलंडमधले दोन अभ्यासक, जेफ बर्ट्रम आणि रे वॉटर्स, यांनी १९८५ साली अशा पाच छोट्या बेट-देशांचा आणि प्रदेशांचा हिशेब मांडला: कुक बेटे, नियुए, टोकेलाऊ, तुवालू आणि किरिबाती. त्यांना दिसले की या बेटांचे जगणे चार खांबांवर उभे आहे: स्थलांतर, बाहेरच्यांनी घरी धाडलेला पैसा, परकी मदत आणि सरकारी नोकऱ्या. या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या रचनेला ‘मिराब’ हे नाव पडले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की तिथले कुटुंब एखाद्या पेढीसारखे वागते. एक मुलगा बेटावर जमिनीपाशी, एक ऑकलंडच्या कारखान्यात, एक जहाजावर, एखादी मुलगी सरकारी शाळेत. पैसा, धान्य आणि माणसे या शाखांमधून फिरत राहतात. नियुए आणि टोकेलाऊची माणसे आज आपल्या बेटांपेक्षा न्यूझीलंडमध्येच जास्त आहेत. टोंगाच्या राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहिले तर बाहेरून येणारा पैसा अलीकडच्या वर्षांत एक तृतीयांशाहून अधिक भरतो. माण-खटावचे जुने घर ज्याला ठाऊक आहे त्याला ही रचना ओळखीची वाटेल. थोरला शेतीवर, मधला फौजेत, धाकटा केरळात गलाईला, आणि दुष्काळात रोजगार हमीचे काम. एकाच चुलीवर स्वयंपाक आणि चार दिशांची मिळकत.

या नमुन्यावर पुढे टीकाही झाली. फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठात शिकवणारे टोंगन लेखक एपेली हाउओफा यांनी १९९३ साली एक निबंध लिहून आक्षेप घेतला की अर्थशास्त्रज्ञ या लोकांना लहान, एकाकी आणि परावलंबी ठरवतात, कारण ते जमीन मोजतात आणि समुद्र सोडून देतात. बेटांवरच्या लोकांनी समुद्राला कधी भिंत मानलेच नाही, तो त्यांचा रस्ता होता. मला हा आक्षेप आपल्या बाजूलाही मोलाचा वाटतो. खटावला ‘मागास’ म्हणणाऱ्यांनी माळ मोजला आणि माळावरून निघालेल्या वाटा सोडून दिल्या.

त्या वाटा कशा पडल्या हे पाहायचे तर आधी औंध संस्थानाकडे वळावे लागते. औंध आज खटाव तालुक्यातले एक गाव आहे. १९४८ पर्यंत ते एका संस्थानाची राजधानी होते, आणि हे संस्थान सलग कधीच नव्हते. औंध इकडे, आटपाडी तिकडे माणदेशात, कुंडल कृष्णाकाठाला, गुणदाळ विजापूरकडे, आणि मधला सगळा मुलूख इंग्रजांचा किंवा दुसऱ्या संस्थानिकांचा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना उद्योगाची आस्था होती. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली जागा दिली, ती राजधानीजवळ न देता कुंडल रोड स्टेशनाशेजारच्या निवडुंगाच्या माळावर दिली. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर देशभर गेले. औंधला, म्हणजे खटावच्या भूमीवर, हा कारखाना का आला नाही? त्याचे उत्तर पावसात शोधून मिळणार नाही, कारण कुंडलचा तो माळही कोरडाच होता. उत्तर रुळांत आहे. पुणे-मिरज लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड अशा वाटेने गेला. तो खटावच्या पश्चिम कडेने निघून गेला आणि तालुक्यात शिरला नाही. आजही खटावात किंवा माणमध्ये रेल्वे नाही. कच्चा माल आणि कोळसा जिथे उतरतो तिथे कारखाना जातो, आणि कारखाना जिथे येत नाही तिथून माणसे कारखान्याकडे जातात. कोरेगाव किंवा रहिमतपूरपर्यंत बैलगाडीने आणि पुढे गाडी धरून मुंबई, हा खटावच्या दोन-तीन पिढ्यांचा राबता झाला तो असा.

‘हे सगळे दुष्काळानेच केले, बाकी तपशील आहे,’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड वाटते. १८७६-७७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा दुष्काळ, १९७२ चा, अलीकडचा २०१२-१३ चा, अशा प्रत्येक टोल्याबरोबर माणसे बाहेर पडली हे खरेच आहे. पण याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला जावळी आणि पाटण हे तालुके आहेत. तिथे पाऊस आवरत नाही. तरीही मुंबईच्या बाजारपेठांमधल्या माथाडी कामगारांत जावळी-पाटणची माणसे ठासून भरलेली होती, आणि त्यांचे संघटन करणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. उतारावरची तुटपुंजी खाचरे, वाटणी होत होत हातावर मावेल एवढी राहिलेली जमीन, आणि पुढे कोयना धरणाने उठवलेली गावे, यांनी ओल्या मुलखातल्या माणसालाही कोरड्या मुलखातल्याइतकेच बाहेर ढकलले. म्हणजे पाऊस कमी म्हणून माणूस गेला हे विधान अर्धेच टिकते. शेती घर चालवू शकत नाही एवढे मात्र दोन्हीकडे समान. त्याहूनही नेमका प्रश्न पुढचा आहे: दुष्काळ माणसाला घरातून काढतो, पण कोणत्या गावाला आणि कोणत्या धंद्यात धाडतो? मायणी-कलेढोणकडचा मुलगा सोने गाळायला दक्षिणेत गेला, माणमधला मेंढपाळ मेंढरे घेऊन कोकणाच्या आणि भीमा-कृष्णेच्या काठांकडे उतरला, बुध-डिस्कळ-खटावकडचा पुण्या-मुंबईत स्थिरावला. पाऊस सगळ्यांकडे जवळपास सारखाच. फरक पडला तो पहिल्यांदा कोण कुठे गेला आणि त्याच्या मागे कोण गेले यामुळे.

गलाई व्यवसाय हा याचा सर्वांत ठळक पुरावा आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवे. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ आणि खटाव-माणचा दक्षिण भाग या पट्ट्यातली माणसे सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी भारतभर पसरली आहेत. केरळ, तमिळनाडू, आंध्रपासून उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपर्यंत बहुतेक मोठ्या सराफ बाजाराच्या पाठीमागे त्यांची दुकाने सापडतात. ही घरे परंपरेने सोनारांची नव्हेत. ज्वारी-बाजरी पिकवणारी शेतकरी घरे आहेत. त्यांनी हे कसब उचलले आणि पिढ्यान् पिढ्या चालवले. काम दिसायला साधे, करायला जोखमीचे. गिऱ्हाईक सोनार जुने डाग घेऊन येतो. ते तोलून मुशीत टाकतात, टाकणखार घालून भट्टीत वितळवतात. सोन्यातली भेसळ तशी सुटत नाही. म्हणून उलट वाटावे असे एक काम करावे लागते: त्यात आणखी चांदी मिसळायची, इतकी की मिश्रणात सोने सुमारे चौथ्या हिश्शावर यावे. हा रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि ते दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये, ज्याला बाजारात तेजाब म्हणतात त्यात, उकळतात. तांबूस धूर उठतो, चांदी आणि तांबे ॲसिडात विरघळते आणि तळाला उरते ते सोने, पण पिवळे नव्हे, विटकरी-तपकिरी भुकटीच्या रूपात. ती धुऊन पुन्हा मुशीत घातली की पिवळी लगड बाहेर येते. विरघळलेल्या चांदीत तांब्याचे पत्रे सोडले की चांदी त्यांच्यावर जमते आणि पाणी निळसर होऊन उरते. ती चांदी पुढच्या कामाला येते. सोनाराच्या दुकानातला केर, जमिनीची माती, घासणीचे पाणी, सगळ्यातून कण वेचले जातात. वाया काही जाऊ द्यायचे नाही हा या धंद्याचा पाया आहे, आणि दुष्काळी शेतकऱ्याला तो शिकवावा लागला नाही.

पण हा धंदा कौशल्यावर जेवढा उभा आहे त्याहून अधिक विश्वासावर उभा आहे. सोनार आपले सोने एका परभाषक, परगावच्या माणसाच्या मुशीत टाकतो, आणि आत किती गेले, घट किती आली, हे त्या माणसाच्या शब्दावर मानतो. एखाद्याने दगा दिला तर एक दुकान बुडत नाही, त्या गावातल्या सगळ्या मराठी दुकानांची पत जाते. म्हणून दुकानात घ्यायचा मुलगा पाहुण्यारावळ्यांतला किंवा निदान शेजारच्या गावातला लागतो, ज्याच्या बापाला, मामाला, सोयऱ्याला जाब विचारता येईल. तो मुलगा काही वर्षे दुकानातच राहतो, भट्टी शिकतो, तिथली भाषा शिकतो. पुढे मालकाच्याच आधाराने दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान टाकतो आणि गावाकडून आपल्या भावाला बोलावतो. दुकानांची साखळी अशी वाढत गेली. गावातली नाती ही या व्यवसायाची बँक, न्यायालय आणि प्रशिक्षण केंद्र आहे, आणि म्हणूनच व्यवसाय दीड हजार किलोमीटरवर असला तरी त्याचे मूळ मायणीत, विट्यात, खानापुरात घट्ट राहिले. बर्ट्रम आणि वॉटर्स यांनी बेटांवर पाहिलेली कुटुंबाची पेढी ती हीच.

इथेच प्रशासकीय नकाशाचे अपुरेपण उघडे पडते. जुन्या सातारा जिल्ह्यात खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. १९४९ पासूनच मायणी एका जिल्ह्यात आणि विटा दुसऱ्या जिल्ह्यात. मायणी-कलेढोणच्या माणसाचा बाजार, सोयरिक आणि धंदा विट्याकडे, पण सातबारा, कोर्ट आणि तहसील वडूजला. दोन जिल्ह्यांच्या दोन आराखड्यांत हा एकच व्यवसायपट्टा दुभंगलेला आहे. साताऱ्याच्या आराखड्यात तो टोकाचा कोपरा आहे, सांगलीच्या आराखड्यात हद्दीपलीकडचा. विट्यात यंत्रमाग आले, कुक्कुटपालन वाढले. गलाईतून आलेल्या भांडवलाचा त्याच्याशी काय संबंध आहे हे तपासायचे तर जिल्ह्याची रेघ पुसूनच पाहावे लागेल.

तालुक्याच्या आतही सरसकट एक चित्र नाही, हेही सांगायला हवे. पश्चिमेकडे पुसेगाव सातारा-पंढरपूर रस्त्यावर. तिथली सेवागिरी महाराजांची यात्रा आणि तिच्यातला खिलार जनावरांचा बाजार हे एका जुन्या पशुपालक अर्थव्यवस्थेचे अजून तग धरून असलेले केंद्र आहे. त्या बाजूला खरिपाचा बटाटा चांगला येतो, घेवडा आणि आले येते. वडूज हे कचेरीचे, कोर्टाचे, एसटीचे आणि बाजाराचे गाव. ९ सप्टेंबर १९४२ चा मोर्चा याच कचेरीवर आला होता, आणि हुतात्मा परशुराम घार्गे आणि त्यांच्या साथींनी प्राण दिले ते इथेच. गलाईचा पैसा मात्र येतो तो दक्षिणेला, मायणी-कलेढोणच्या बाजूला. तालुक्याचे मुख्य ठिकाण आणि तालुक्याचे धनाचे ठिकाण ही इथे एक नाहीत, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

आता दुसरा आक्षेप. बाहेरचा पैसा घरांत, लग्नांत, देवळांत आणि यात्रांत जातो. त्यातून गावात उत्पादन उभे राहत नाही. म्हणून अशी अर्थव्यवस्था पोकळ आहे. प्रशांत बेटांबद्दल नेमके हेच म्हटले गेले होते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. वर्षातून एकदा उघडणारी मोठी घरे या गावांत आहेत. पण पैसा कशात जातो हे पाहताना विहीर, बोअर, ठिबक, पोल्ट्रीची शेड, गाई आणि मुलांच्या फिया यांचाही हिशेब धरला पाहिजे. पाच वर्षांत दोनदा पीक बुडणाऱ्या शेतकऱ्याला तिसऱ्यांदा बी-खत घ्यायला लावणारा पैसा हा उत्पादक भांडवलच आहे, तो बँकेच्या कागदावर दिसत नसला तरी. यात्रेवरचा खर्च हासुद्धा निव्वळ उधळपट्टी नव्हे. देशभर विखुरलेली दुकाने ज्या नात्यांवर चालतात ती नाती यात्रेतच ताजी होतात, सोयरिकी जुळतात, नवा मुलगा कोणाच्या दुकानात जाणार हे ठरते. आणि बाहेर गेलेल्यांनी ठरवले तर गावाचे रूप पालटू शकते याचे उदाहरण तालुक्यातच निढळला आहे. प्रशासनात मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या चंद्रकांत दळवींनी नोकरीनिमित्त बाहेर असलेल्या गावकऱ्यांना आणि गावातल्या माणसांना एकत्र आणून तिथे पाणलोट, शाळा, दूध अशी कामे उभी केली.

मला अधिक टोचणारा आक्षेप वेगळाच आहे. नात्याच्या दारातून जाणारा रस्ता ज्याला तसे नाते नाही त्याला बंद असतो. गलाईच्या दुकानात शिरायला पाहुणा लागतो, आणि पाहुणा जातीच्या भिंतीबाहेरचा क्वचितच असतो. भूमिहीन घरांच्या, दलित वस्त्यांच्या वाट्याला या समृद्धीतले फार थोडे आले. त्यांना ऊसतोड, खडी आणि रोजंदारी राहिली. रोजगार हमी योजनेचे मोल इथे कळते. तिचा पहिला प्रयोग १९६५ साली वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात झाला, म्हणजे याच पट्ट्याच्या उंबऱ्यावर. ज्याला बाहेरचे दार नव्हते त्याला गावाच्या शिवारात काम मिळण्याचा हक्क मिळाला. आणि बायकांचे काय? पुरुष बाहेर असताना शेत, जनावरे, म्हातारी माणसे आणि मुले ज्यांनी सांभाळली त्यांचे श्रम या पेढीच्या वहीत कुठेच जमा नाहीत. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी करायचे ठरले, तेव्हा सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली बँक सुरू झाली. दहा-वीस रुपये रोज मागे टाकणाऱ्या बाईचा हिशेब सराफ कट्ट्यावरच्या हिशेबाइतकाच काटेकोर असतो, हे त्या बँकेने दाखवले. तेव्हा गलाईचे कौतुक करताना ते सगळ्या तालुक्याचे चरित्र म्हणून सांगू नये. ते एका मोठ्या पण मर्यादित गटाचे चरित्र आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि सर्वांत जोरकस आहे: आता पाणी आले, तेव्हा बाहेर जाण्याची ही गोष्ट इतिहासजमा झाली. उरमोडीचे पाणी खटाव-माणच्या कालव्यात आले. कराडजवळ टेंभूला कृष्णेतून उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या माळावर चढले. लक्ष्मणराव इनामदारांचे, म्हणजे खटावच्याच सुपुत्राचे, नाव दिलेल्या जिहे-कठापूर योजनेत कृष्णेचे पाणी नेरच्या तलावात येते आणि तिथून बोगद्याने डोंगरापलीकडे माणमधल्या आंधळीला जाते. येरळेच्या आणि माणगंगेच्या खोऱ्यांमध्ये निसर्गाने घातलेली वेस माणसाने भोक पाडून ओलांडली, ही लहान गोष्ट नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या रानांत कुसळे उगवली तिथे ऊस उभा राहिला. पडळला आणि गोपूजला साखर कारखाने आले. हे पाहून ज्याचे मन भरून येणार नाही त्याने दुष्काळ पाहिलेला नसावा.

पण अर्थव्यवस्था म्हणून पाहिले तर काय दिसते? हे पाणीही बाहेरूनच येते आणि विजेवर येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या वीजबिलातला ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असे सूत्र ठरले. म्हणजे गलाईचा पैसा जसा हद्दीबाहेरून येतो तसा उसाचा पाटही हद्दीबाहेरून येतो. पहिला नात्यांच्या जोरावर येतो, दुसरा अनुदानाच्या. मिराबच्या चार खांबांपैकी स्थलांतर हा खांब हळूहळू मदतीच्या, इथे सरकारी मदतीच्या, खांबाने बदलला जातो आहे. या दोहोंत जास्त टिकाऊ कोणता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पाचशे मिलिमीटरच्या मुलखात तीनशे फूट, पाचशे फूट उचललेले पाणी सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकाला द्यायचे, हा निर्णय माझ्या मते चुकीचा आहे. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आणि ठरलेला भाव आहे, तसा तो डाळिंबाला, बटाट्याला, घेवड्याला नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे जिने पाणी आणताना कोणत्या पिकासाठी आणि किती घरांसाठी हे आधी ठरवले नाही. जोपर्यंत पाणी उसाच्या वाटेने थोड्या रानांत मुरते, तोपर्यंत बाकीच्या घरांतला मुलगा एसटी धरतच राहणार.

इकडे गलाईचा पायाही पूर्वीसारखा पक्का नाही. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने आणि १९६८ च्या कायद्याने सोन्याच्या प्रत्येक हालचालीवर परवान्याचा पहारा बसवला होता. तो १९९० साली उठला आणि धंदा त्यातून तरला. नोटाबंदी आणि जीएसटीही त्याने पचवले. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झालेले हॉलमार्किंग आणि एक्सरे यंत्रावर मिनिटभरात निघणारा टंच यांचे आव्हान मात्र वेगळ्या जातीचे आहे. ज्या विश्वासावर दुकान चालत होते तो विश्वास आता यंत्र आणि शिक्का देतो. मोठ्या शुद्धीकरण कंपन्या थेट सराफाकडून माल उचलतात. शहरात वस्तीतल्या खोलीत तेजाबाची भट्टी चालवायला परवानगी मिळत नाही, आणि मिळू नये असेच त्या धुरात फुप्फुसे घालवलेल्या माणसाकडे पाहून वाटते. दुसरी-तिसरी पिढी त्याच शहरांत शिकली, तिथली भाषा घरात बोलू लागली. त्यांतले काही सराफी पेढी टाकतात, काही डॉक्टर होतात. गावच्या यात्रेला ती येतात, पण दुकानासाठी गावातून मुलगा नेण्याची गरज त्यांना उरलेली नाही. साखळीची ही कडी सैल झाली तर येत्या वीस वर्षांत मायणी-विट्याच्या गावांना तिचा फटका बसेल, आणि समालोचनाच्या तक्त्यात तो दिसणारही नाही, कारण तिचा फायदाही तिथे कधी दिसला नव्हता.

म्हणून या विषयाचा अभ्यास ज्याला करायचा आहे त्याने वडूजच्या कचेरीतला तालुक्याचा नकाशा जरूर घ्यावा, पण त्यावर आणखी काही भरावे. कोणत्या गावातली किती घरे कोणत्या राज्यात, कोणत्या धंद्यात आहेत. पहिला माणूस तिथे कधी आणि कोणाच्या ओळखीने गेला. पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि कशावर खर्च होतो. ज्या घरातून कोणीच गेले नाही ते का गेले नाही. मागे राहिलेल्या बाईच्या नावावर सातबारा आहे की नाही. कालव्याचे पाणी आल्यावर परतलेली घरे किती आणि ती उसावर परतली की दुसऱ्या कशावर. ही माहिती ग्रामसेवकाला, तलाठ्याला, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला आणि गलाई व्यावसायिकांच्या ठिकठिकाणच्या मंडळांना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. ती एकत्र कोणी केलेली नाही. म्हसवडच्या माळावर औद्योगिक वसाहत येण्याचे वारे वाहत असताना, तिथे कोणते कारखाने चालतील हे ठरवण्यासाठी तरी ती लागेल. धातू वितळवण्याचे, शुद्ध करण्याचे, पारखण्याचे ज्ञान असलेली एवढी माणसे महाराष्ट्राच्या दुसऱ्या दुष्काळी भागात क्वचितच असतील. सुरक्षित भट्ट्या, धूर शोषणारी यंत्रणा आणि टंच प्रयोगशाळा असलेले एखादे शुद्धीकरण केंद्र विटा-मायणीच्या पट्ट्यात उभारणे हा सरकारी योजनांच्या भाऊगर्दीत कोणालाही न सुचलेला, पण इथल्या माणसांच्या हातांना आजच जमणारा उद्योग आहे. दोन जिल्ह्यांनी मिळून तो हाती घ्यायचा तर पहिली बैठक साताऱ्याला होते की सांगलीला, यावर तो अडू नये.